‘७/५०’ म्हणजे काय, आणि ही प्रिंट कितीला जाईल? लिमिटेड एडिशन प्रिंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांच्या काळी आमच्या कोल्हापूरच्या दुकानात फ्रेमला तीनच गोष्टी यायच्या: अंबाबाई-जोतिबाच्या तसबिरी, गेलेल्या माणसांचे फोटो आणि पैलवानांची मानपत्रं. गेल्या काही वर्षांत चौथी आली. पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेला जाड कागद, खाली पेन्सिलीने आकडा आणि सही. नळी काउंटरवर ठेवल्यावर पहिला प्रश्न चित्राबद्दल नसतो. “ताई, ही कितीला जाईल?” मी मुद्राचित्रण, म्हणजे ठशावरून चित्रं छापायची कला, शिकलेली, दुकानामागच्या खोलीत एक हातप्रेस आहे, त्यामुळे मला सगळं माहीत असणार असा लोकांचा समज. रोज तेच सांगून घसा बसतो, म्हणून हे लिहून ठेवलंय.

चित्राखाली ७/५० लिहिलंय. हे काय असतं?

एकाच ठशावरून चित्रकाराने एकूण पन्नास प्रती काढल्या आणि तुमच्या हातातल्या प्रतीला सात नंबर दिला. आकडा बहुतेक डावीकडे असतो, मधे चित्राचं नाव, उजवीकडे सही. पेन्सिल अशासाठी की ती कागदाच्या तंतूंत बसते, शाईसारखी उन्हाने उडत नाही, आणि सही हाताने केलीय की छापून आलीय हे भिंगाखाली लगेच कळतं.

पन्नासची मर्यादा कुठलं सरकार घालून देत नाही. एकावन्नावी निघणार नाही असा चित्रकार स्वतः शब्द देतो. शब्द पाळल्याचा पुरावा म्हणून जुन्या रीतीप्रमाणे ठशाच्या पत्र्यावर आडव्या रेघा ओढून तो रद्द करतात. सगळेच करतात असं नाही. डच चित्रकार रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला, पण त्याचे पत्रे हातोहात फिरत राहिले आणि लोक त्यांवरून पार विसाव्या शतकापर्यंत प्रती काढत होते. पत्रा खरा, चित्र त्याचंच, पण रेघा झिजलेल्या. त्याच्या हयातीतल्या छापाची आणि या मागाहून काढलेल्या छापाची किंमत एका पारड्यात बसतच नाही.

आजची पळवाट वेगळी आहे. मोठ्या साइजच्या पन्नास, मधल्या शंभर, छोट्या तीनशे, शिवाय कॅनव्हासवर वेगळ्या. प्रत्येकावर नंबर घातलेला, प्रत्येक ‘लिमिटेड’. विकत घेताना एवढंच विचारा: हे चित्र सगळ्या साइज, सगळे कागद धरून एकूण किती वेळा छापलं जाणार आहे? उत्तर द्यायला समोरचा चाचरला तर नळी परत ठेवा. चित्राखालचा आकडा उधारीच्या वहीतल्या सहीसारखा असतो. लिहिणाऱ्याची जी पत, तीच त्या आकड्याची.

मग १/५० ही ५०/५० पेक्षा भारी का?

बहुतेक वेळा नाही. प्रती वाळत घातल्यावर गठ्ठ्यातून जशा हाताला लागतील तशा नंबर पडतात. एक नंबरची प्रत पहिली निघालेली असतेच असं नाही.

अपवाद ड्रायपॉइंटचा. सुईने तांब्या-जस्ताचा पत्रा ओरखडला की कडेला धातूचा बारीक कंगोरा उभा राहतो. त्यात शाई धरते आणि रेघ मखमलीसारखी मऊ उमटते. प्रेसचा दाब पडत गेला की कंगोरा बसतो, रेघ कोरडी होते. तिथे सुरुवातीच्या प्रतीला खरंच मोल आहे. स्क्रीन प्रिंटमध्ये, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून काढलेल्या प्रिंटमध्ये, पहिली आणि शंभरावी यांत हुडकूनही फरक सापडत नाही.

लोकांना मात्र आकड्याची हौस असते. गाडीच्या नंबरासाठी पैसे मोजणारं आपलं गाव, प्रिंटचा नंबर तरी कसा सोडेल?

ए.पी. किंवा एच.सी. लिहिलेली प्रिंट खोटी असते का?

नाही. ए.पी. म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. साधारणपणे आवृत्तीच्या दहा टक्के ठेवतात. पी.पी. छापणाऱ्याची. एच.सी. म्हणजे विक्रीसाठी नसलेली, दाखवण्यापुरती, जी शेवटी विकली जातेच. पन्नासच्या आवृत्तीत पाच-सहा ए.पी. असतील तर ठीक. तीस असतील तर ती आवृत्ती ऐंशीचीच धरा.

स्पष्टच विचारतो, प्रिंट म्हणजे झेरॉक्सच ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बायको कोपर मारते, पण प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की काही प्रिंट झेरॉक्सची मावसभावंडं असतात आणि काही अजिबात नसतात.

लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा), काष्ठठसा, एचिंग, शिळाछाप (दगडावरून छापलेलं) यांत आधी तयार झालेलं चित्र नसतंच. चित्रकार ठसाच घडवतो. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर ओरखडायचं, आम्लात बुडवायचं, उघड्या रेघा खाल्ल्या गेल्या की शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद ठेवून लोकरी घोंगडीखालून प्रेसमधून काढायचा. कागद उचलताना जो फाटल्यासारखा चिकट आवाज येतो, तो ऐकला की कळतं चित्र आत्ता जन्मलं. इथे मूळ चित्र असं दुसरं नाहीच. ज्या पन्नास प्रती, त्याच मूळ.

दुसरा प्रकार म्हणजे भिंतीवरच्या तैलचित्राचा फोटो काढून इंकजेटवर छापायचा. त्याला ‘जिकली’ म्हणतात. हा शब्द १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॅक डुगान नावाच्या छपाईवाल्याने बनवला, कारण ‘इंकजेट’ म्हटलं की गिऱ्हाइकाला ऑफिसातला प्रिंटर आठवतो. फ्रेंचमध्ये मुळात अर्थ फवारणे. चांगल्या रंगद्रव्याची शाई आणि कापसाचा कागद असेल तर जिकली टिकते, दिसतेही सुंदर. पण ती चित्राची प्रतिकृती आहे हे विकणाऱ्याने सांगायला हवं. स्क्रीन प्रिंट या दोहोंच्या मधे कुठेतरी: चित्रकाराने स्वतः एकेक रंगाची स्क्रीन केली असेल तर पहिल्या घरात, नुसतंच चित्र उतरवलं असेल तर दुसऱ्या.

आपल्या कस्टमच्या दरपत्रकालाही हा भेद मान्य आहे. त्यातल्या ९७ व्या प्रकरणात ‘मूळ’ प्रिंट कुठली, तर कलाकाराने पूर्णपणे हाताने केलेल्या ठशावरून थेट काढलेली. यांत्रिक किंवा फोटोच्या प्रक्रियेने काढलेली त्यात बसत नाही.

ओळखायचं कसं?

गुजरीतल्या सराफाकडे असतं तसं दहापटीचं भिंग घ्या. चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं-फुलं दिसली तर ऑफसेट, म्हणजे कॅलेंडर आणि लग्नपत्रिकेचीच जात. बारीक फवारा दिसला तर इंकजेट. रंग सलग, सपाट आणि कागदावर साय धरल्यासारखा असेल तर स्क्रीन प्रिंट. लिनो-लाकडात आकाराच्या कडेला शाई दबून बाहेर सरकलेली असते, तिची गडद किनार दिसते. एचिंगमध्ये चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन असतो, आणि डोळे मिटून बोट फिरवलं तरी रेघ लागते. (बोट फिरवू नका. घामाचा डाग पडतो. मी फिरवते, तुम्ही नको.)

आमच्या वाड्यात रविवर्म्याचं जुनं चित्र आहे. लाखांत जाईल?

महिन्यातून एकदा तरी येतं. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि दुसऱ्यांच्या हाती आला. तिथल्या ओलिओग्राफनी, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापांनी, घराघरांत लक्ष्मी-सरस्वती पोचवल्या. त्यांना मर्यादा नव्हतीच, घरोघरी जावं हाच हेतू होता. म्हणून किंमत ठरते ती छाप जुना किती, रंग टिकलेत किती आणि कुणी हौसेने टिकल्या-जर लावून साडी सजवलीय का यावर. अशी सजवलेली चित्रं संग्राहकांना आवडतात. पण हातचं तैलचित्र समजून भावांनी वाटणीत भांडू नका. त्याचं तैलचित्र असेल तर तो राष्ट्रीय कलाठेवा ठरतो आणि देशाबाहेर नेऊन विकता येत नाही.

दुर्मीळपणाची आपल्या गावातली गोष्ट वेगळीच आहे. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा चित्रकार आबालाल रहिमान यांनी दुःखाच्या भरात आपली असंख्य चित्रं कोटितीर्थ तळ्यात सोडली असं सांगतात. तिथे ना आवृत्ती, ना नंबर, ना ए.पी.

या चित्राचा अर्थ काय? आणि अर्थ असला की किंमत वाढते का?

एका प्रिंटबद्दल सांगते. चित्रकार इथलाच, वयाने माझ्याहून लहान. २०१९ च्या पुरानंतर त्याने एक लिनोकट केला. पिवळट चुन्याची भिंत, एक खिळा, खिळ्याखाली कॅलेंडर काढल्यावर राहतो तसा फिकट चौकोन, आणि त्याच्याही वर भिंतभर एक मातकट आडवी रेघ. बास. एकूण प्रती ४३.

पुण्याहून आलेला गिऱ्हाईक हमखास विचारतो, ४३ का? पन्नास का नाही? कोल्हापूरच्या माणसाला विचारावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. जुलै लागला की आम्ही मॅचचा स्कोअर विचारावा तसे हे आकडे विचारतो. इथे आवृत्तीची संख्या हाच चित्राचा अर्धा अर्थ आहे. नंबर घालताना चित्रकार जणू एकेक फूट पाणी चढवत गेला. म्हणून ४३/४३ साठी दोघांत जुंपली तेव्हा, वर नंबराबद्दल काहीही लिहिलं असलं तरी, मला ते समजलं.

एकदा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या एक आजी नातवाच्या फोटोला फ्रेम करायला आल्या होत्या. ती प्रिंट भिंतीवर होती. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग स्वतःच्या खांद्याच्या वर हात धरला आणि म्हणाल्या, “आमच्यात हितवर आलतं.” चित्र कुणाचं, कितीचं, काही विचारलं नाही. नातवाच्या फोटोला सोनेरी पट्टी निवडली आणि गेल्या.

आजींच्या त्या हाताने प्रिंटचा भाव एक रुपयाने वाढला नाही. अर्थ भाव वाढवतो तो आडवळणाने, चित्र लोकांच्या तोंडी बसलं, पुन्हापुन्हा दाखवलं गेलं, मागणारे वाढले तर. नाही तर तो भिंतीवरच राहतो आणि व्यवहार वेगळाच चालतो.

मग किंमत ठरते तरी कशी?

पहिली किंमत चित्रकार किंवा गॅलरी ठरवते: कागद-शाई, छपाईची मजुरी, आवृत्तीचा आकार, चित्रकाराचं नाव, गॅलरीचा वाटा. या किमतीवर वाद घालता येतो, पण ती ठरवलेली असते. दुसरी किंमत तुम्ही विकायला काढाल तेव्हाची. ती कुणी ठरवत नाही, त्या दिवशी घेणारा कोण भेटला त्यावर सगळं. या दोन किमती जुळ्या बहिणी आहेत असं धरून लोक चालतात आणि तिथेच घोडं पेंड खातं.

मार्च २०२५ मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेलं. त्याच आठवड्यात एक काका हुसेन यांची सेरिग्राफ, म्हणजे स्क्रीन प्रिंट, घेऊन आले. हिशेब त्यांनी घरीच केला होता. मूळ चित्र ११८ कोटी, तर प्रिंट निदान काही लाख! पण ‘ग्रामयात्रा’ हे एकमेव, भलंमोठं तैलचित्र आहे. काकांकडची प्रिंट वेगळ्याच चित्राची, आवृत्ती मोठी, आणि तशीच प्रिंट आणखी शेकडो घरांत. मोठ्या विक्रीने त्या नावाकडे लक्ष वळतं एवढं खरं. प्रिंटचा भाव बघायचा तर त्याच प्रिंटच्या आधीच्या विक्रीवर बघायचा: तीच आवृत्ती, तोच आकार, तशीच स्थिती. लिलावघरांचे जुने निकाल ऑनलाइन मोफत बघता येतात. मागितलेली किंमत बघू नका, गेलेली बघा. मागायला काय, मी दुकानाचे पाच कोटी मागेन.

सहीने एवढा फरक का पडतो?

२०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल रॅम्पवर आणली तेव्हा सुभाषनगरपासून शिवाजी चौकापर्यंत सगळे एकच बोलत होते: कातडं तेच, वेणी तीच, नाव दुसरं. नावाला बाजारात किंमत असते हे कोल्हापूरला वेगळं शिकवायला नको.

प्रिंटमध्ये याचं स्वच्छ उदाहरण बँक्सी या ब्रिटिश भित्तिचित्रकाराचं. त्याच्या ‘गर्ल विथ बलून’च्या प्रिंटच्या १५० प्रती सहीच्या आणि ६०० बिनसहीच्या निघाल्या. चित्र तेच, पण सहीची प्रत बिनसहीच्या कितीतरी पट महाग.

आणि सही फसवतेही. १९७४ मध्ये फ्रान्सच्या सीमेवर अँडोराकडे निघालेला एक छोटा ट्रक अडवला, तर आत स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीच्या सहीचे ४०,००० कोरे कागद! चित्र मागाहून कुणीही छापावं. म्हणून दालीच्या उतारवयातल्या प्रिंट म्हटल्या की जाणकार आजही आधी चार पावलं मागे सरतात.

पाच वर्षांत दुप्पट होईल ना?

दुप्पट करायचं असेल तर दुसरीकडे बघा. हिशेब मांडून दाखवते. समजा प्रिंट १२,००० ला घेतली, फ्रेमला ४,००० घातले. विकायला काढली तर फ्रेमचे पैसे धरायचेच नाहीत, घेणारा स्वतःच्या आवडीची करतो. गॅलरीने किंवा लिलावघराने विकून दिली तर कमिशन. म्हणजे घातलेले १६,००० नुसते परत यायला प्रिंट त्याहून बरीच वर विकली जायला हवी. आणि घेणारा आज भेटेल, नाही तर तीन वर्षांनी. सोनं घेऊन गुजरीत गेलात तर दुपारपर्यंत पैसे हातात. प्रिंट घेऊन कुठल्या पेठेत जाणार?

त्याच ४३ मधली एक प्रिंट ६,००० ला गेली होती. घेणाऱ्याची बदली झाली, त्याने विकायला काढली, तर बोली ४,००० ची आली. दीड वर्षाने दुसऱ्या मालकाकडची ९,००० ला गेली. चित्र तेच, आवृत्ती तीच. यातून कुठला नियम काढायचा ते तुम्हीच सांगा.

ऑनलाइन घेतली तर?

पाण्यात म्हैस आणि वर मोल. घ्या, पण मागच्या बाजूचा, चारही कोपऱ्यांचा आणि सहीचा जवळून काढलेला फोटो मागवा. फ्रेममधून बाहेर काढून. “फ्रेम उघडली तर खराब होईल” म्हणणाऱ्याला खराब काय आहे ते आधीच माहीत असतं.

सर्टिफिकेट आहे, मग काळजी नाही?

सर्टिफिकेट पण प्रिंटच असते, हे विसरू नका. आमच्या शेजारचा डीटीपीवाला दहा मिनिटांत करून देईल. त्यावर चित्राचं नाव, साल, तंत्र, कागद, आकार, एकूण प्रती, ए.पी. किती आणि चित्रकाराची सही असायला हवी. बँक्सीच्या बाजूने जे प्रमाणपत्र मिळतं त्याला त्याच्या बनावट दहा पौंडी नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा जोडलेला असतो, उरलेला अर्धा त्यांच्याकडे. फाटकी कड जुळली तर खरं. इतकं डोकं आपल्याकडे कुणी चालवत नाही. बिल मात्र जपून ठेवा, तेच पुढे कामाला येतं.

फ्रेम कशी करावी?

इथे मी माझी चूक सांगते, म्हणजे तुम्हाला पटेल. दुकानात नवी असताना एका गिऱ्हाइकाची प्रिंट आली. त्याने आणलेल्या जुन्या फ्रेमला ती अर्धा इंच मोठी होती. मी वडिलांच्या सवयीने पट्टी ठेवली, कटर ओढला आणि खालची पांढरी किनार कापली. कापलेली कागदाची पट्टी खाली पडल्यावर बघते तर तिच्यावर ‘१२/३०’चा खालचा भाग. खालचा अर्धा आकडा टेबलावर, वरचा चित्राला. माणूस भला होता, म्हणाला चित्र तर दिसतंय ना. मी पैसे घेतले नाहीत. ती पट्टी अजून ड्रॉवरमध्ये आहे.

तर किनार कापायची नाही. हार्डबोर्डवर फेविकॉलने चिकटवायची नाही. तसं केलेली प्रिंट विकायच्या दृष्टीने संपली. आम्लमुक्त माउंट वापरायचा आणि प्रिंट फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर टांगायची. त्यासाठी खळ लागते ती गव्हाच्या सत्त्वाची, कुरडईला चीक काढतो तीच जात. पाण्याने सुटते, म्हणून ती.

आपला पाऊस हा खरा शत्रू. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ती जूनपासून ओल धरते. फ्रेममागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळते. काच कागदाला टेकता कामा नये. तांबूस ठिपके दिसले तर बुरशी, कडा खाल्लेल्या दिसल्या तर कसर. उन्हाचं म्हणाल तर संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांना ५० लक्स एवढाच उजेड देतात. घरी तितका अंधार कुणी करणार नाही, पण खिडकीसमोर तरी लावू नका.

प्रिंट माझी आहे. मंडळाच्या अहवालावर छापू का?

कागद तुमचा, चित्राचे हक्क चित्रकाराचे. त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. त्याला फोन करा, गणपतीसाठी म्हटल्यावर बहुतेक हो म्हणतात. न विचारता फ्लेक्सवर लावलं आणि वर इच्छुक उमेदवाराचा फोटो चिकटवला तर मात्र भडकतात.

विकल्यावर टॅक्स?

घरातलं बरंचसं सामान ‘वैयक्तिक वस्तू’ म्हणून सुटतं, पण दागिने आणि कलाकृती सुटत नाहीत. २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून नफ्यात विकली तर तो दीर्घ मुदतीचा भांडवली नफा, दर १२.५ टक्के. पुढचं सी.ए.ला विचारा.

ती ४३ वाली प्रिंट मिळेल का?

चित्रकाराकडे शिल्लक नाही. पत्रा नसतो लिनोला, त्यामुळे त्याने लिनोचा तुकडाच सुरीने चार ठिकाणी चिरला, माझ्या समोर. माझ्याकडे ३९ नंबर आहे, विकायचा नाही. काउंटरच्या मागे लावलाय, भिंतीवर आमच्या स्वतःच्या पाण्याची खूण आहे तिथे रेघेला रेघ जुळवून. बघायला या. सोमवारी बंद असतं.